वाऱ्याची शाळा

शाळा-कॉलेजांना प्रयोगसाहित्य पुरविणाऱ्यांच्या सूची चाळण्याचा मला भारी नाद. अलीकडे त्यांत एक उपकरण हमखास आढळते. एक रुंद नळकांडे, त्याच्या एका टोकाला पंखा. आत छोटीशी पवनचक्की, तिच्या आसाला जनित्र आणि पुढे व्होल्टमापक. विद्यार्थ्यांनी पाती बदलावीत, त्यांचा कोन बदलावा आणि वीज किती निघते ते वहीत मांडावे. उपकरण दिसते अगदी नवे कोरे. पण त्याची कुळकथा शोधू लागलो, ती थेट डेन्मार्कमधल्या आस्कोव नावाच्या खेड्यात जाऊन पोचली.

तिथल्या लोकशाळेत १८७८ साली पौल ला कूर नावाचे शिक्षक आले. मूळचे हवामानशास्त्रज्ञ, तारायंत्रातल्या शोधांनी नाव मिळविलेले. या लोकशाळा म्हणजे मोठे नवल! परीक्षा नाही, पदवी नाही. शेतकऱ्यांची जाणती मुले यायची आणि शिकून घरी जायची. ला कूर त्यांना गणित आणि पदार्थविज्ञान इतिहासाच्या अंगाने शिकवीत. त्यांना एकच घोर लागला होता. शहरांत विजेचे दिवे येऊ लागले होते. खेडी अशीच अंधारात राहिली, तर तरुण पोरे गावात थांबतील कशाला?

खेड्याला फुकट मिळणारी शक्ती एकच, वारा. सरकारी मदतीने १८९१ साली त्यांनी शाळेजवळ पवनचक्की उभारून तिला डायनामो जोडला. पण वारा पडला लहरी. कधी झोडपतो, कधी रुसतो. आसाचा वेग सारखा राहावा म्हणून त्यांनी कप्प्या, पट्टे आणि वजने यांची एक सोपी युक्ती बसविली. वीज साठवावी कशी? तर तिने पाण्याचे पृथक्करण करून निघालेला हायड्रोजन टाकीत भरायचा! १८९५ ते १९०२ शाळेत याच वायूचे दिवे जळत होते. वायूचे स्फोटही झाले, आणि खिडक्यांच्या काचा पुन्हा बसवाव्या लागल्या. आमच्याकडे असा मास्तर दुसऱ्या दिवशी घरी बसला असता!

पुढे त्यांनी नळकांड्यांतून वारा सोडून पात्यांचे छोटे नमुने तपासायला घेतले. साल १८९६, राइट बंधूंच्या वातनलिकेला अजून पाच वर्षे अवकाश होता. पुष्कळ पाती संथ फिरविण्यापेक्षा थोडी पाती वेगाने फिरविलेली बरी, हे त्या नळकांड्याने दाखविले. सूचीतले ते उपकरण याच नळकांड्याचे वंशज!

मला मात्र चक्कीपेक्षा १९०४ साली सुरू झालेला वर्ग मोठा वाटतो. गावोगावी वीज नेणारे कारागीर तिथे तयार होऊ लागले. पहिल्या मुलांत सतरा वर्षांचा योहानेस यूल होता. गुरुजी १९०८ साली वारले. यूल पुढे वीज कंपनीत इंजिनियर झाला आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर, १९५७ साली, त्याने गेडसर येथे तीन पात्यांची, २०० किलोवॉटची चक्की उभी केली. ती १९६७ पर्यंत फिरली. मग थांबली. तेलाचे भाव भडकल्यावर, १९७० नंतरच्या दशकात, वाऱ्याची पुन्हा आठवण झाली. अमेरिकेची नासादेखील मदतीला आली आणि तीच जुनी चक्की मोजमापासाठी परत फिरवून पाहिली गेली.