लावणीचा वर्ग

पुण्यातील सुशिक्षित घरातल्या मुलीने नृत्य शिकावे की नाही, हा प्रश्न आता सहसा कोणी विचारीत नाही. कथकाचे व भरतनाट्यमचे वर्ग पेठापेठांतून चालतात, आणि आईबाप मुलींस हौसेने तेथे पोहोचवितात. परंतु आमच्या घरातील एका मुलीने मागील वर्षी लावणीच्या वर्गास जाण्याची इच्छा बोलून दाखविली, तेव्हा घरात क्षणभर शांतता पसरली. याच नातीचे कथक पहिल्या रांगेत बसून कौतुकाने पाहणाऱ्या आमच्या मातुःश्री इतकेच म्हणाल्या, "अगं, लावणी कानांनी ऐकावी, तिचे चाळ पायांत बांधू नयेत." मुलीने विचारले, "का गं आजी?" या प्रश्नास उत्तर मिळाले नाही. ते इतिहासात कोठे सापडते काय, हे पाहण्याचा आमचा विचार आहे.

वास्तविक लावणीचे आणि पुण्याचे नाते जुने आहे. उत्तर पेशवाईत राम जोशी, अनंत फंदी, प्रभाकर, सगनभाऊ, परशराम, होनाजी बाळा अशी शाहिरांची मोठी मालिका होऊन गेली, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळी पुण्यात या कवनांस उदार आश्रय मिळाला. सोलापूरचे राम जोशी (1762–1812) संस्कृताचे व्युत्पन्न ब्राह्मण, तर होनाजी जातीने गवळी. परंतु डफ-तुणतुण्यापुढे सर्व जातींचे कवी एका पंक्तीस येत. त्या वेळच्या तमाशात बहुधा स्त्रीवेष घेतलेली पोरे नाचत. दरबारी बैठकीत कलावंतिणींचे नृत्य होई. 1818 साली पेशवाई बुडाली व राजाश्रय आटला. वाड्यातून निघालेली लावणी जत्रेच्या फडात आणि पुढे शहरांच्या थिएटरांत पोट भरू लागली.

याच सुमारास मराठी समाजात एक विलक्षण विभागणी झाली असे आम्हांस वाटते. नव्या शिक्षणाने तयार झालेल्या वर्गाने शाहिरांची कवने छापली, त्यांवर प्रस्तावना लिहिल्या, त्यांतील शृंगाराची व शब्दकळेची चिकित्सा केली. म्हणजे लावणीचे शब्द आम्ही आपले म्हणून उचलले. परंतु ज्या देहांनी ते शब्द पिढ्यान्‌पिढ्या जागते ठेविले, ते मात्र उंबरठ्याबाहेर राहिले. पठ्ठे बापूरावांचे चरित्र या विभागणीची साक्ष आहे. रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्ण कुलकर्णी (1866–1945) या ब्राह्मणाने घर व वतन यांची पर्वा न करता तमाशाचा फड जवळ केला, आणि पवळा या महार स्त्रीच्या नृत्याची जोड मिळून त्यांच्या कवनांस अपार लोकप्रियता लाभली. आप्तांनी त्यांस दूर लोटले. अखेर 1945 साली याच पुण्यात दारिद्र्यात त्यांचा देहान्त झाला. पुढे बापूरावांचे गुणगान पुष्कळ झाले. पवळेची आठवण त्यामानाने कितीशी राहिली, हे वाचकांनीच आपल्या मनास विचारावे.

स्वातंत्र्य मिळाल्यावर लवकरच मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणास्तव तमाशावर बंदी घातली, आणि पुढे सुधारणेच्या अटीवर ती उठविली. योगायोग असा, की 1947 सालीच रोहिणी भाटे यांनी पुण्यात 'नृत्यभारती' ही संस्था स्थापून कथकाचे शिक्षण सुरू केले होते. कुलीन मुलीने नृत्य शिकणे त्याही काळी सोपे नव्हते. परंतु रोहिणीबाईंची तपश्चर्या व अभ्यास यांमुळे कथकास घराघरांत मान मिळाला. एका नृत्यास वर्ग लाभला व दुसऱ्यास बंदी, हा फरक केवळ कलेच्या गुणावगुणांनी पडला काय? कथकही एके काळी तवायफांच्या कोठ्यांवर जगलेच होते. आमच्या मते, खरा फरक हा की लावणी नाचणाऱ्या स्त्रिया आमच्या इतक्या जवळ होत्या, की त्यांस विसरून केवळ कला उचलणे आम्हांस जमले नाही.

आणि या स्त्रियांनी मोजलेली किंमत अल्प नव्हती. कोल्हाटी समाजात जी मुलगी पायांत चाळ बांधी तिचे लग्न होत नसे. तिच्या मिळकतीवर आईबाप, भाऊ, भाचरे अशी सारी कुटुंबे उभी असत. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' 1994 साली प्रसिद्ध झाले, तेव्हा हे दुःख आतल्या माणसाच्या शब्दांत अनेक वाचकांपुढे आले. वाईच्या यमुनाबाई वाईकर (1915–2018) याच समाजातल्या. लावणीचा एकच चरण बसल्या जागी नाना भावांनी खुलविण्याची त्यांची अदाकारी थोरामोठ्यांनी नावाजली. 1977 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व 2012 साली पद्मश्री त्यांस मिळाली. पद्मश्रीच्या वेळी त्यांचे वय शहाण्णव वर्षांचे होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

हीच गोष्ट जगाच्या दुसऱ्या टोकास कशी घडली ते पाहिले, म्हणजे आमचा प्रश्न अधिक स्पष्ट होईल. कॅरिबियन समुद्रातील हैतीत आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी 1791 साली बंड करून 1804 साली स्वतंत्र राज्य स्थापिले. त्यांचे नृत्य व्होदू धर्माच्या पूजाविधीशी जडलेले. पाठीचा कणा नागाप्रमाणे लहरविणारे 'यान्वालू' हे त्यांतील प्रसिद्ध नृत्य होय. तेथील फ्रेंच शिकलेल्या वरिष्ठ वर्गास याची लाज वाटे. 1935 साली तेथील सरकारने कायदा करून हे विधी दंडनीय ठरविले, आणि त्याच सुमारास कॅथरीन डनहॅम ही अमेरिकन कृष्णवर्णीय विद्यार्थिनी ती नृत्ये अभ्यासण्यास तेथे उतरली. तिने दुरून टिपणे घेतली नाहीत. विधिपूर्वक दीक्षा घेऊन ती त्या लोकांत बसली व नाचली. पुढे 1949 साली राजधानीच्या द्विशताब्दीच्या प्रदर्शनात तीच नृत्ये राष्ट्राचे भूषण म्हणून रंगमंचावर आली, आणि 1953 साली डनहॅमच्या पथकातील लाव्हिनिया विल्यम्स नृत्यशिक्षणासाठी हैतीत येऊन राहिली. आज न्यूयॉर्कसारख्या शहरांतही हैतीचे नृत्य वर्गांतून शिकविले जाते. तेथे ढोलवादक वर्गात प्रत्यक्ष बसतो ही गोष्ट मोलाची. कारण ढोल मध्येच ताल मोडून इशारा देतो, आणि नाचणाऱ्याचे अंग त्यास उत्तर देते.

हे मनात ठेवून आम्ही मुलीबरोबर त्या वर्गास गेलो. एका सार्वजनिक सभागृहात पंधरा-वीस मुली व काही प्रौढ स्त्रिया ओढण्या कमरेस खोचून उभ्या होत्या. ध्वनिमुद्रित गीत लावले जाई, बाई एक-दोन-तीन-चार मोजीत, आणि पावले बिनचूक पडत. सर्वांचा उत्साह पाहून आम्हांस आनंद झाला. तथापि काहीतरी उणे भासत होते. संगीतबारीत नाचणारी स्वतः गाते. श्रोत्याचा चेहरा पाहून चरण पुन्हा घेते, थांबते, आणि ढोलकीवाला तिच्या पावलाकडे डोळा लावून बसतो. मुद्रित गीत कोणाचीही वाट पाहत नाही. त्यामागे धावता धावता पाऊल शिकते, परंतु अदा शिकत नाही. कारण अदा ही समोरच्यास दिलेले उत्तर असते.

म्हणून वर्ग बंद करावेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. उलट, पुणे जिल्ह्यातच चौफुल्याच्या कलाकेंद्रांतून आणि नारायणगावच्या फडांतून ही विद्या जाणणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांस वर्गात गुरू म्हणून सन्मानाने बोलवावे, योग्य वेतन द्यावे, सोबत ढोलकीवाला असावा, आणि पहिल्या दिवशीच मुलींस सांगावे की हे धन कोणी व कशाच्या मोलाने सांभाळले.

घरी आल्यावर हे सर्व आम्ही मातुःश्रींस सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या लहानपणी नाचणाऱ्या बाईकडे पाहायचं नाही, असं शिकवलं होतं. ती कुणाची कोण, हे आम्ही कधी विचारलंच नाही." मुलीच्या प्रश्नाचे उत्तर ते हेच असावे. पुढील आठवड्यात नात वर्गास निघाली, तेव्हा आजीने आपले जुने नऊवारी लुगडे पेटीतून काढून तिच्या हाती दिले, आणि परत आल्यावर बाईंचे नाव-गाव विचारून ये, असे बजावले.