वर्दी, बंब आणि कापसाची गंजी : परभणी जिल्ह्यातील अग्निशमन सेवा

अग्निशमन केंद्रातील दूरध्वनी खणखणला की पहिली नोंद होते ती ‘वर्दी’ची. खबर कोणी दिली, आग कोठे, किती वाजता कळले, बंब केव्हा निघाला, केव्हा पोहोचला, आगीचे संभाव्य कारण काय, या साऱ्याची नोंदवहीत टिपणी होते आणि महिनाअखेरीस तिचा गोषवारा वरिष्ठांकडे जातो. बाहेरच्या माणसाला हा कागद रुक्ष वाटेल. पण जळालेल्या दुकानाच्या किंवा जिनिंगच्या मालकाला विम्यासाठी जो दाखला लागतो तो याच नोंदीवरून मिळतो. त्यामुळे आग विझल्यावरही केंद्रात वर्दीधारकांच्या खेपा सुरूच राहतात.

आग विझविणे व आगीपासून जीवित आणि मालमत्तेचे रक्षण करणे हे १९६५ च्या नगरपालिका अधिनियमानुसार नगरपालिकांचे आवश्यक कर्तव्य आहे. परभणी नगरपालिकेची २०११ मध्ये महानगरपालिका झाली. गंगाखेड, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, पूर्णा, सोनपेठ येथे नगरपालिका आहेत. खेड्यांची स्थिती वेगळी. ग्रामपंचायतीकडे स्वतःचे दल नसते; तेव्हा शेतात आग लागली तरी हाक जाते ती जवळच्या शहराला. बंब शहरी भागात पाच ते सात मिनिटांत व ग्रामीण भागात वीस मिनिटांत पोहोचावा, असा स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेचा दंडक आहे. परभणीहून गंगाखेड किंवा जिंतूर सुमारे चाळीस किलोमीटर. पाण्याने भरलेला जड बंब ताशी पन्नासच्या वेगाने धावला तरी पाऊण तास रस्त्यातच जातो. तालुक्याच्या गावी बंब उभा असणे, तो चालू स्थितीत असणे आणि त्यावर रात्रीचा चालक हजर असणे, या तीन गोष्टींवर शेतकऱ्याचा वर्षाचा घास अवलंबून असतो.

या जिल्ह्यातील दलाची खरी कसोटी लागते ती कापसाच्या हंगामात. मानवत व सेलू या कापसाच्या जुन्या पेठा. दिवाळीच्या सुमारास जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंजी उभ्या राहू लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत हा राबता चालतो. कापसात आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात घासला की ठिणगी पडते. तापलेले बेअरिंग, सैल वीजजोडणी, एखादी विडी, काहीही पुरते. कापसाची आग फसवी असते. वरची ज्वाळा पाण्याने चटकन बसते, पण कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असल्याने पाणी आत मुरत नाही. गाठीच्या पोटात विस्तव धुमसत राहतो आणि दुसऱ्या दिवशी वारा लागला की पुन्हा पेट घेतो. म्हणून गंजी जेसीबीने उपसून, थर मोकळे करून, एकेक ढीग भिजवावा लागतो. बंबाच्या साडेचार हजार लिटरच्या टाकीतून एक नळी दहा मिनिटे चालते. मग पाण्याचे टँकर, जिनिंगचा हौद, जवळची विहीर यांची धावाधाव. साहजिकच अशी एक वर्दी कित्येकदा दोन-दोन दिवस चालते.

दरवर्षी १४ ते २० एप्रिल या काळात अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, त्याचेही नाते कापसाशी आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजाला आग लागली. त्यात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरला होता. जवान पाण्याचा मारा करीत असतानाच स्फोट झाला आणि ६६ जवान मृत्युमुखी पडले. सप्ताहात शाळांतून प्रात्यक्षिके होतात. पेटलेल्या सिलिंडरवर ओले गोणपाट टाकण्याचा प्रयोग मुलांना सर्वाधिक आवडतो, हे सांगायला नकोच.

पावसाळ्यात वर्द्यांचे स्वरूप पालटते. धरणांतून विसर्ग वाढला की गोदावरी आणि पूर्णेच्या काठच्या गावांत दोर, जाकिटे, होडी घेऊन जावे लागते. विहिरीत पडलेले जनावर ही तर बारमाही वर्दी. सर्वांत घातक वर्दी मात्र विहीर आणि टाकीतील वायूची. मे २०२३ मध्ये सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा येथे शौचालयाची टाकी साफ करताना पाच मजुरांचा जीव गेला. आत गेलेला माणूस कोसळला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही पडतो, असाच अशा दुर्घटनांचा क्रम असतो. श्वसनयंत्र पाठीवर असल्याखेरीज जवानानेही उतरू नये, हा नियम म्हणूनच कडक आहे.

महिन्याच्या कामाचा आणखी एक भाग कागदावरचा, पण तितकाच मोलाचा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा डिसेंबर २००८ पासून लागू झाला. त्यानुसार रुग्णालये, मंगल कार्यालये, शिकवण्यांच्या इमारती, गोदामे यांच्या मालकांनी जानेवारी आणि जुलैत आपली यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यावयाचे असते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके दगावली, तेव्हा राज्यभर तपासणीची धांदल उडाली. एरवी जिन्याखालची अडगळ आणि कुलूप लावलेला मागचा दरवाजा कोणाच्या डोळ्यांत येत नाही.

फेब्रुवारीत परभणीतील हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उर्स, भाद्रपदात गणेश विसर्जन, दिवाळीत फटाक्यांची दुकाने. ज्या दिवशी गाव घराबाहेर असते त्या दिवशी जवानाला सुटी नसते.

वर्दी देताना नागरिकांनी १०१ क्रमांकावर फोन करून गावाबरोबर शिवार, फाटा आणि ठळक खूण सांगावी, काय पेटले आहे ते सांगावे, पाण्याची विहीर कोठे आहे तेही सांगावे आणि एखाद्या माणसाला बॅटरी देऊन फाट्यावर उभे करावे. रात्रीच्या वेळी बंबाचा वेळ बहुधा शेवटच्या दोन किलोमीटरांत वाट शोधण्यात जातो.