तिनं झोपायचं कुठं?



आज आपण समुद्राबद्दल बोलणार आहोत. आपण नाशिक जिल्ह्यातल्या बाया. आपल्याला गोदामाई माहीत, गंगापूरचं धरण माहीत. युद्धनौका पाहिली असेल तर टीव्हीवरच. पण आता आपल्या गटांतल्या मुली बारावी झाल्या की अग्निवीरचा फॉर्म भरायला निघतात. अशाच एका बैठकीत एका ताईंनी विचारलं, "पोरगी नेव्हीत लागली, तर बोटीवर झोपायची कुठं? तिथं सगळे गडीच असतील ना?" बाकीच्या हसल्या. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ह्या एका प्रश्नानं बायकांच्या किती वाटा अडवल्या, त्याचा इतिहास आहे. तोच आज सांगते.

सुरुवात आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशींपासून करू. 1883 साली डॉक्टरकी शिकायला त्या अमेरिकेला निघाल्या, तेव्हा वय होतं अठरा. आधी समुद्र ओलांडणं हेच पाप समजलं जायचं, त्यात नवरा बरोबर नाही. लोकांनी नाही नाही ते विचारलं. तेव्हा फेब्रुवारी महिन्यात बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात त्या उभ्या राहिल्या आणि भर सभेत उत्तरं दिली. शिकायला अमेरिकाच का, एकटी का, परत आल्यावर जातीबाहेर टाकलं तर काय, असं सगळं त्यात होतं. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून त्या बोटीत बसल्या. सोबतीला ओळखीच्या मिशनरी बायका होत्या. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या आणि 1886 साली डॉक्टर झाल्या. म्हणजे बाईच्या शिक्षणाआधी तिच्या मुक्कामाची चौकशी होते, ही रीत जुनीच आहे.

आता नौदलाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारनं नौदलाची महिला शाखा काढली होती. त्यातल्या एक अधिकारी, कल्याणी सेन, 1945 साली ब्रिटनला जाऊन आल्या. साडी नेसलेला त्यांचा तिथला फोटो आजही पाहायला मिळतो. पण ह्या बायकांचं काम किनाऱ्यावरचं होतं, जहाजावरचं नाही. युद्ध संपलं आणि शाखाही बंद झाली. स्वातंत्र्यानंतर 1957 साली नौदलाचा कायदा झाला. त्यात लिहिलं गेलं, की सरकार ज्या शाखा ठरवून देईल तेवढ्याच शाखांत स्त्रीला घेता येईल, बाकी नाही. शाखा उघडायला पुढची चौतीस वर्षं गेली. 1991 साली सूचना निघाली आणि 1992 साली पहिल्या महिला अधिकारी आल्या. त्यांना पुरवठा, कायदा, शिक्षण अशा शाखा मिळाल्या. त्याही बहुतेक जमिनीवरच्या.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी ज्योती नावाच्या तेलवाहू जहाजावर काही महिला अधिकारी पाठवून पाहिल्या. तो प्रयोग थांबला आणि मग वीसहून जास्त वर्षं युद्धनौकेवर महिला अधिकाऱ्यांची नेमणूक झाली नाही.

असं का? ते कळायला जहाज आतून कसं असतं ते बघावं लागेल. जहाजात सगळ्यात महाग असते ती जागा. इंजिन, दारूगोळा, इंधन, धान्य यांतून जे उरतं तिथं माणसांनी राहायचं. अधिकाऱ्यांना केबिन असते, एकेकटी किंवा दोघा-चौघांत एक. खालच्या नौसैनिकांना मात्र मोठी सामाईक खोली असते. रेल्वेच्या स्लीपर डब्यासारखे एकावर एक बर्थ, शेजारी छोटं कपाट आणि बाहेर सगळ्यांची मिळून न्हाणीघरं. पहाऱ्याच्या पाळ्या रात्रंदिवस चालतात, म्हणून कुणी दुपारी झोपलेलं असतं तर कुणी पहाटे दोनला उठून कपडे चढवतं.

ह्यामुळे एक गणित तयार होतं. महिलांसाठी बारा बर्थची एक खोली वेगळी काढली, तर त्या जहाजावर बाराच महिला जाणार. तेरावी कितीही हुशार असली, तरी तिला बर्थ नाही म्हणून नेमणूक नाही. आणि आठच आल्या, तर चार बर्थ रिकामे ठेवायचे की त्या खोलीत पुरुष घालायचे, हा तंटा उभा राहतो. म्हणजे जहाजावर किती बायका असतील हे गुणांवर नाही, तर भिंत कुठं घातली त्यावर ठरतं.

हाच मुद्दा कोर्टात गेला. लेफ्टनंट कमांडर ॲनी नागराजा आणि इतर महिला अधिकाऱ्यांनी कायमच्या नोकरीसाठी दावा लावला होता. दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल 2015 साली त्यांच्या बाजूनं लागला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथं सांगण्यात आलं, की समुद्रावरचं काम बायकांना झेपणारं नाही, आणि रशियन बनावटीच्या जहाजांवर त्यांच्यासाठी वेगळी न्हाणीघरं नाहीत. 17 मार्च 2020 रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती अजय रस्तोगी यांनी हे म्हणणं फेटाळलं. बाईच्या सन्मानाच्या हक्कापुढं सबबी चालणार नाहीत, असा त्या निकालाचा सूर आहे.

पुढच्याच वर्षी पुण्याजवळ खडकवासल्याच्या एनडीएत मुलींना घ्यायचा विषय आला. तिथंही राहण्याची वेगळी सोय करायला वेळ लागेल, असं सरकारनं सांगितलं. परीक्षा पुढं ढकलायला न्यायालयानं नकार दिला. वर्षभराच्या आत, ऑगस्ट 2022 मध्ये, 19 मुली तिथं दाखल झाल्या. 30 मे 2025 रोजी त्यांतल्या 17 जणी संचलन करून बाहेर पडल्या. जी सोय इतकी वर्षं होत नव्हती, ती आदेश आल्यावर काही महिन्यांत झाली.

नौदलातही तेच झालं. 2021 च्या सुरुवातीला विक्रमादित्य आणि शक्ती या नौकांवर चार महिला अधिकारी गेल्या. 2022 साली विक्रांत ही देशात बांधलेली विमानवाहू नौका दाखल झाली. तिच्यावर सुमारे 1700 माणसं राहू शकतात, आणि महिला अधिकाऱ्यांच्या केबिन तिच्या आराखड्यातच आहेत. घर बांधताना संडास आधी धरला तर खर्च कमी येतो आणि नंतर जोडला तर भिंत फोडावी लागते, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

मार्च 2023 मध्ये ओडिशातल्या चिल्का केंद्रातून अग्निवीरांची पहिली तुकडी बाहेर पडली. सुमारे 2600 जणांत 273 मुली होत्या. ह्या अधिकारी नव्हेत, नौसैनिक आहेत. म्हणजे केबिनचा नाही, सामाईक खोलीचा प्रश्न आता खऱ्या अर्थानं सुरू झाला. त्याच वर्षाच्या शेवटी मुंबईत वाढलेल्या लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळी यांची त्रिंकट या गस्ती नौकेवर मुख्य अधिकारी म्हणून नेमणूक झाली. युद्धनौकेची कमान एका बाईच्या हाती येण्याची आपल्या देशातली ही पहिली वेळ, आणि आडनाव आपलं मराठी!

मग बायका-पुरुषांनी एकाच खोलीत झोपावं का? जगात दोन्ही प्रकार आहेत. इंग्लंडनं 1990 साली आणि अमेरिकेनं 1994 साली लढाऊ जहाजांवर बायका नेल्या, तेव्हा झोपण्याच्या खोल्या वेगळ्या ठेवल्या. नॉर्वेच्या सैन्यात, उत्तरेकडच्या एका तळावर, दोन मुली आणि चार मुलगे अशी खोली देऊन पाहिली. 2014 साली त्यावरचा अभ्यास आला. एकत्र राहिल्यानं मुलं-मुली एकमेकांना सहकारी म्हणून वागवू लागली आणि छेडछाड वाढण्याऐवजी कमी झाली, असं त्यातून दिसलं.

आपल्याकडचं उदाहरण तारिणी या शिडाच्या बोटीचं आहे. गोव्यात बांधलेली ही बोट 56 फुटांची, म्हणजे एसटीच्या दीडपट लांब. 2017-18 मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी हिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. 2022-23 मध्ये हीच बोट गोव्याहून केपटाऊन, रिओ करत 188 दिवसांनी परत आली. त्या वेळी पुरुष अधिकारी होते आणि दोन महिला अधिकारीही होत्या. एवढ्याशा बोटीत भिंती घालायला जागा कुठली? शिस्तीवरच सगळं चाललं.

तरीही माझं मत विचाराल, तर मोठ्या जहाजावर झोपायची खोली आणि न्हाणीघर वेगळंच हवं. कपडे बदलताना, पाळीच्या दिवसांत, दमून आडवं होताना बाईला आडोसा लागतो. तो मागण्यात कमीपणा नाही. पण जेवण, काम, पहारा, गप्पा मात्र एकत्र हव्यात. कारण कामाच्या अर्ध्या गोष्टी जेवताना ठरतात, आणि जी तिथं नसते तिला त्या कळतच नाहीत. शिवाय बर्थ नाही म्हणून संधी नाही, असं कुणी म्हणता कामा नये.

आता जरा आपल्याकडं बघू. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तीनाथांची पालखी निघते. आपल्या आया-सासवा दिंडीत कित्येक दिवस मुक्काम करतात. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, आणि सगळ्यांचा एकमेकांना धाक. कुणी त्यांना अडवत नाही. पेठ-सुरगाण्याहून जोडपी, पोरी, म्हाताऱ्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षमळ्यांवर कामाला येतात आणि महिनोन् महिने शेडमध्ये नाहीतर ताडपत्रीखाली झोपतात. तिथं दार नाही, कडी नाही, न्हाणीला आडोसा नाही. "ती झोपणार कुठं?" असं मळेवाला विचारत नाही आणि सरकारही विचारत नाही. मजुरीला बाई हवी असते तेव्हा तिच्या झोपण्याची काळजी कुणाला नसते. पगार, पेन्शन आणि हुकूम द्यायचा अधिकार यायची वेळ आली, की मात्र सगळ्यांना तिच्या झोपेची काळजी लागते. हे दुटप्पी वागणं आपण ओळखायला हवं.

म्हणून त्या ताईंचा प्रश्न टाकून देऊ नका, तो नीट विचारा. 2023 पासून नाशिकमध्ये मुलींसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू झाली आहे, तेव्हा हे प्रश्न आपल्या दारापर्यंत आलेत. लेक भरतीला जात असेल, तर चौकशी करा. राहायची खोली वेगळी आहे का? दाराला आतून कडी आहे का? रात्री तपासणीला कोण येतं, आणि येण्याआधी आवाज देतं का? काही वावगं झालं, तर तक्रार कुणाकडं करायची, आणि ती व्यक्ती तिच्याच साहेबाच्या हाताखाली तर नाही ना? हेच प्रश्न वसतिगृहाला विचारा, कंपनीच्या बसला विचारा, द्राक्षमळ्याच्या शेडलाही विचारा.

उत्तर नाही आलं, तर मुलीला घरी बसवू नका. ग्रामसंघाच्या लेटरहेडवर मागणी लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला, की दहा मिनिटं ह्या विषयाला द्या. आपल्या गावातून कामासाठी बाहेर मुक्कामाला जाणाऱ्या बाया-मुली किती, आणि त्या कुठं झोपतात, एवढं वहीत लिहून काढा. यादी झाली की कुठल्या दाराला कडी नाही ते आपल्याला दिसेल, आणि पहिली मागणी तिथल्या कडीची करता येईल.