भ्रूणसंवर्धन

भ्रूणापासून अलग केलेली ऊतके किंवा आरंभीच्या अवस्थेतील संपूर्ण भ्रूण शरीराबाहेर, निर्जंतुक पोषक माध्यमात वाढवण्याचे तंत्र. विकासाच्या कोणत्या टप्प्याला परिसरातून काय लागते, हे या तंत्राने पारखता येते.

ऊतके : रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या भ्रूणातील चेताऊतकाचा तुकडा लसीकेच्या लोंबत्या थेंबात वाढवला. चेतातंतू हा चेतापेशीतूनच फुटतो, हे त्यातून प्रत्यक्ष दिसले. केंब्रिज येथे ऑनर फेल यांनी कोंबडीच्या भ्रूणातील मांडीच्या हाडाचे अंकुर रक्तद्रव व भ्रूण-अर्क यांच्या गुठळीवर वाढवले (१९२९). शरीराबाहेरही त्यांना हाडाची सर्वसाधारण घडण आली.

पक्षिभ्रूण : डेनिस न्यू यांच्या पद्धतीत (१९५५) काही तास उबवलेल्या अंड्याच्या बलकावरील पातळ आवरण भ्रूणासह सोलून घेतात. ते वॉच ग्लासमध्ये काचेच्या कड्यावर ताणून बसवतात आणि खाली अंड्यातील पांढरा द्रव घालतात. भ्रूणाची कड या आवरणाला धरूनच पसरते. म्हणून अन्नाइतकाच हा ताणही आवश्यक ठरतो. हृदयाचे ठोके सुरू होईपर्यंतचा विकास यात पाहता येतो. पुणे विद्यापीठात लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या भ्रूणावरील प्रायोगिक संशोधन रुजवले.

सस्तन भ्रूण : वेस्ली व्हिटन यांनी १९५६ मध्ये उंदराचे आठपेशीय भ्रूण क्षार, ग्लुकोज व अल्ब्युमिन यांच्या साध्या द्रावणात ब्लास्टोसिस्ट अवस्थेपर्यंत वाढवले. १९५८ मध्ये अ‍ॅन मॅक्लॅरेन व जॉन बिगर्स यांनी असे भ्रूण मादीच्या गर्भाशयात सोडून जिवंत पिले मिळवली. त्याआधीच्या अवस्था मात्र केवळ ग्लुकोजवर वाढत नाहीत. पहिल्या विभाजनांसाठी पायरुव्हेट लागते.

मानवी भ्रूण : २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी असे बाळ जन्माला आले. वंध्यत्वावरील अशा उपचारात भ्रूण ३७° से. तापमानाला साधारणतः तीन ते सहा दिवस वाढवून गर्भाशयात सोडतात. संशोधनासाठी भ्रूण वाढवण्यावर १४ दिवसांची मर्यादा ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीने १९८४ मध्ये सुचवली; भारतीय मार्गदर्शक तत्त्वांतही ती आहे. ही मर्यादा दीर्घकाळ तांत्रिकदृष्ट्या आवाक्याबाहेर होती. २०१६ मध्ये केंब्रिज व न्यूयॉर्क येथील प्रयोगशाळांनी भ्रूण १२-१३ दिवसांपर्यंत वाढवल्यावर तिचा फेरविचार सुरू झाला आणि २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मूलपेशी संशोधन संस्थेने आपल्या तत्त्वांतील १४ दिवसांपुढील सरसकट बंदी उठवली.