ताशेरे, तोंडसुख की खडे बोल? चिडून केलेल्या भाषणाला नेमकं काय म्हणायचं?

एखादा नेता अर्धा तास चिडून बोलला की एक बातमी म्हणते ‘खडे बोल सुनावले’, दुसरी म्हणते ‘तोंडसुख घेतलं’ आणि तिसरी ‘थयथयाट केला’. भाषण मात्र एकच. इंग्रजीत रँट, टायरेड, डायट्राइब अशी रांग आहे, तशी मराठीतही आहे. आणि यातला जवळपास प्रत्येक शब्द बोलणाऱ्याबद्दलचा निकाल सोबत घेऊन येतो.

खरडपट्टी वरचा खालच्याची काढतो. आढावा बैठकीत मंत्री अधिकाऱ्यांची काढतात, उलट होत नाही. कानउघाडणीतही मोठा-लहान हे नातं असतं, पण समोरच्याचं भलं व्हावं ही इच्छाही असते. ताशेरा म्हणजे मुळात बंदुकांची फैर. आज ताशेरे ओढतं ते मुख्यतः न्यायालय, तेही मोजक्या शब्दांत. त्यामुळे विरोधकांच्या तासाभराच्या भाषणाला ‘ताशेरे’ म्हणणं जरा सैलच.

सरबत्ती, भडिमार हे शब्दही दारूगोळ्याच्याच घरातले. सभा गाजवणाऱ्या वक्त्याला ‘मुलुखमैदान तोफ’ म्हणतात, ते विजापूरच्या तोफेवरून. यवतमाळचे जांबुवंतराव धोटे स्वतंत्र विदर्भासाठी असेच कडाडत. लोकांनी त्यांना ‘विदर्भाचा सिंह’ केलं.

लाखोली मात्र देवघरातून आली. देवाला लाखभर फुलं किंवा पानं वाहतात, ती लाखोली. शिव्यांची लाखोली वाहताना मुद्दा शोधायला जाऊ नये, तो नसतोच.

खरी गडबड तोंडसुख, थयथयाट, आकांडतांडव या शब्दांत आहे. तोंडसुख म्हणजे बोलणारा स्वतःच्या समाधानासाठी बोलला, थयथयाट म्हणजे नुसता पाय आपटत राहिला. हे लेबल एकदा लागलं की मुद्द्याला उत्तर द्यावं लागत नाही. म्हणून ते लावण्याआधी भाषण पूर्ण ऐकलेलं बरं.

ते ऐकूच दिलं नाही तर? यवतमाळला ११ ते १३ जानेवारी २०१९ या काळात ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. उद्घाटक म्हणून इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. विरोध होताच निमंत्रण मागे घेतलं गेलं. देशातल्या असहिष्णुतेवर कडक टीका करणारं त्यांचं लिखित भाषण नंतर अनेकांनी वाचलं. त्याला खडे बोल म्हणा किंवा आगपाखड, संमेलनाच्या मांडवात ते झालंच नाही.

शेवटी उद्घाटन केलं यवतमाळ जिल्ह्यातल्याच वैशाली येडे यांनी. त्यांच्या शेतकरी पतीने आत्महत्या केली होती. मागे राहिलेल्या बाईचं जगणं त्यांनी आपल्या बोलीत साहित्यिकांसमोर मांडलं. खडे बोल म्हणतात ते याला. त्यासाठी आवाज चढवावा लागतोच असं नाही.