तळटीप १२ : ग्रेगोरियन गायन

लेखकाने हे गायन पोप पहिला ग्रेगरी (कारकीर्द ५९०–६०४) याच्या नावावर मांडले आहे. परंपराही तसेच सांगते. बहुतेक अभ्यासक मात्र त्याचे आजचे रूप आठव्या-नवव्या शतकांत, फ्रँक राज्यात, रोमच्या आणि तिथल्या स्थानिक गायकीच्या मिलाफातून घडले असे मानतात. लॅटिन प्रार्थना, सर्वांची एकच स्वरावली, तालाचे आवर्तन नाही. लय शब्दांच्या उच्चारातूनच येते.

सेंट गालच्या मठातील हस्तलिखित क्र. ३५९ दहाव्या शतकाच्या आरंभीचे. त्यात शब्दांवर बारीक खुणा आहेत. सूर चढतो की उतरतो, कुठे रेंगाळायचे, कुठे झरझर पुढे जायचे, हे त्या सांगतात. नेमका स्वर सांगत नाहीत, कारण चाल गायकाला मुखोद्गत असे. या खुणांना अपुरी लिपी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्यांनी टिपलेले बारकावे पुढे, अकराव्या शतकात अरेझोच्या ग्वीदोने रुळवलेल्या रेषांवरच्या लेखनात, बरेचसे विरले. फ्रान्समधील सोलेम मठाच्या बेनेडिक्टाइन संन्याशांनी १८८९ पासून जुन्या हस्तलिखितांच्या छायाप्रती छापल्या, तेव्हा ते पुन्हा अभ्यासकांच्या हाती आले. — संपा.