पोर्तुगालचा गोल्डन व्हिसा : पैसा त्यांचा, मुदत सरकारची

पोर्तुगीज पासपोर्ट हा विषय गोव्यातल्या घरांना नवा नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढीला पोर्तुगालचा कायदा आपले नागरिक मानत आला आहे. गेल्या काही वर्षांत मात्र त्याच पासपोर्टच्या रांगेत वेगळी माणसे उभी राहिली. त्यांचा गोव्याशी किंवा पोर्तुगीज भाषेशी काही संबंध नव्हता. त्यांच्याकडे होता तो फक्त पैसा.

ही रांग लागली ती पोर्तुगालच्या गरजेतून. २०११ मध्ये देश दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होता आणि त्याला ७८ अब्ज युरोचे कर्ज घ्यावे लागले. पुढच्याच वर्षी, २०१२ च्या ऑक्टोबरात, सरकारने परदेशी पैशासाठी दार उघडले. पाच लाख युरोचे घर घ्या, दहा लाख युरो देशात आणा किंवा लोकांना नोकऱ्या द्या, आणि रहिवासाचा परवाना घ्या, अशी ती योजना होती. वर्षाला सरासरी सात दिवस तिथे राहिले तरी पुरत असे. सुरुवातीला सर्वाधिक अर्ज चिनी लोकांचे होते. पुढे ब्राझील, तुर्कस्तान, दक्षिण आफ्रिका, अमेरिका आणि भारतातूनही लोक आले.

खरे आकर्षण घराचे नव्हते. रहिवासाची ठरावीक वर्षे भरली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, हे खरे आकर्षण. आता या वर्षांचा हिशेब पाहा. १९८१ च्या कायद्यात ही मुदत सहा वर्षे होती. १९९४ मध्ये पोर्तुगीज भाषक देशांबाहेरच्या लोकांसाठी ती दहा झाली. २००६ मध्ये पुन्हा सर्वांना सहा, २०१८ मध्ये पाच. म्हणजे ज्या आकड्यावर भरवसा ठेवून लोकांनी आयुष्याची पुंजी गुंतवली, तो आकडा चाळीस वर्षांत कधी एका जागी थांबलाच नव्हता. दलालांच्या जाहिरातीत 'पाच वर्षांत युरोपचा पासपोर्ट' एवढेच असायचे. हा इतिहास त्यात नसायचा.

दरम्यान लिस्बन आणि पोर्तोमध्ये घरांच्या किमती आणि भाडी सामान्य माणसाच्या हाताबाहेर गेली. त्याला पर्यटन, कमी बांधकाम अशी इतरही कारणे होती, पण रोष गोल्डन व्हिसावर आला. २०२३ च्या ऑक्टोबरात घरखरेदीचा मार्ग बंद झाला. त्याच महिन्यात स्थलांतराचे जुने खाते मोडून नवे उभे करण्यात आले आणि लाखो प्रलंबित फायली नव्या खात्याच्या माथी आल्या. पैसा भरूनही बोटांचे ठसे द्यायला दोन-दोन, तीन-तीन वर्षे बोलावणे येत नव्हते. या दिरंगाईवर उतारा म्हणून २०२४ मध्ये कायदा दुरुस्त झाला : मुदत परवाना हाती आल्यापासून नव्हे, अर्ज केल्यापासून मोजायची.

हा दिलासा टिकला नाही. २८ ऑक्टोबर २०२५ ला संसदेने नवा कायदा मंजूर केला. त्यात मुदत दहा वर्षे केली. युरोपीय संघ आणि पोर्तुगीज भाषक देशांच्या नागरिकांना सात. शिवाय मोजणी पुन्हा परवाना हाती पडल्यापासून. २०२१ मध्ये पैसा भरून २०२४ मध्ये कार्ड मिळालेल्या माणसाचा हिशेब करा : २०२६ मध्ये येणारा हक्क २०३४ वर गेला. आठपैकी तीन वर्षे तर निव्वळ सरकारी ढिलाईची.

प्रकरण घटना न्यायालयात गेले. १५ डिसेंबर २०२५ ला न्यायालयाने काही कलमे घटनाबाह्य ठरवली. ज्यांचे नागरिकत्वाचे अर्ज आधीच दाखल होते, त्यांच्या विश्वासाला धक्का लावता येणार नाही, असा त्याचा रोख होता. कायदा संसदेकडे परत गेला. दहा वर्षांच्या मुदतीला मात्र न्यायालयाने हात लावला नाही. म्हणजे अर्ज केलेल्याला संरक्षण आणि अर्जाच्या वाटेवर चार वर्षे चाललेल्याला काहीच नाही. कायद्याच्या भाषेत पहिल्याचा हक्क आहे, दुसऱ्याची केवळ आशा.

श्रीमंतांचे दुःख आपण कशाला करायचे, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण नागरिकत्वाची मुदत सर्वांना एकच आहे. ओदेमिराच्या हरितगृहांत फळे तोडणारा नेपाळी, पंजाबी मजूर आणि लिस्बनच्या मार्तिम मोनिझ भागात दुकान चालवणारा बांगलादेशी याच कायद्याखाली येतात. फरक असा की गुंतवणूकदाराकडे वकील आहे आणि परतायला घर आहे. मजुराकडे दोन्ही नाही. कामावर लागून मग कागद मिळवण्याचा त्याचा मार्ग जून २०२४ मध्येच बंद झाला. त्याच डिसेंबरात बेनफोर्मोझो रस्त्यावर पोलिसांनी स्थलांतरितांना भिंतीकडे तोंड करून उभे केले. ती छायाचित्रे जगाने पाहिली. गोल्डन व्हिसावाल्याला कोणी भिंतीशी उभे केले नाही.

पोर्तुगालने नियम असे फिरवण्याची ही पहिली वेळ नाही. १४९६ च्या डिसेंबरात राजा मानुएलने ज्यू आणि मुसलमानांना देश सोडण्याचे फर्मान काढले. शतकानुशतके तिथेच राहिलेली ही माणसे होती. २०१५ पासून हाकललेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्वाची वाट खुली झाली, मुसलमानांच्या वंशजांना नाही. पुढे २४ जून १९७५ ला, मोझांबिक स्वतंत्र होण्याच्या आदल्या दिवशी, एका हुकुमाने आफ्रिकी वसाहतींत जन्मलेल्या अनेकांचे पोर्तुगीज नागरिकत्व गेले. त्यांत लिस्बनमध्ये राहणारेही होते. त्याच हुकुमाने गोवेकरांना मात्र नागरिकत्व राखण्याची मुभा दिली. एकाच साम्राज्याची प्रजा, पण न्याय दोन. त्या काळात मोझांबिकमधून आलेल्या गुजराती वंशाच्या मुसलमानांनी लिस्बनमध्ये नव्याने संसार मांडले. १९८५ मध्ये उघडलेल्या तिथल्या मध्यवर्ती मशिदीच्या इतिहासात त्यांचा मोठा वाटा आहे.

भारतीय माणसासाठी यात आणखी एक पेच आहे. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. दुसरा पासपोर्ट घेतला की १९५५ च्या कायद्याने भारतीय नागरिकत्व संपते. म्हणजे एवढी मोठी किंमत मोजायची तयारी ठेवूनही ती कधी मोजायची, हे दुसऱ्या देशाची संसद ठरवणार.

आपले नागरिक कोणाला करायचे हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे, त्याबद्दल वाद नाही. पुढच्या माणसासाठी नियम कडक करा. पण ज्याच्याकडून पैसा किंवा घाम आधीच घेतला, त्याचा हिशेब जुन्या नियमाने पुरा करणे ही साधी वचनाची गोष्ट आहे. सौदा करून मग माप बदलणाऱ्या व्यापाऱ्याला बाजारात जे नाव आहे, ते सरकारला लागू पडत नाही असे नाही.